वायरलेस ट्रान्समीटरमधला हायस्पीड डॅक: कोकणातून नेहमी येणारे प्रश्न

रत्नागिरीत बसून आरएफ (म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या) बोर्डांची कामं करतो. प्रोजेक्टचे दिवस आले की चिपळूण, लोणेरे, कुडाळ, सावंतवाडी कुठून कुठून पोरांचे फोन येतात, त्यात हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे, असतात, आणि अधूनमधून एखादा बोटमालकसुद्धा विचारतो. प्रश्न बरेचसे तेच असतात म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथेच लोक फसतात.

डॅक म्हणजे नक्की काय आणि ट्रान्समीटरमध्ये तो कुठे बसतो?

डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, सगळे डॅकच म्हणतात. तुमचा आवाज, फोटो, डेटा जे काही असेल ते आधी आकड्यांमध्ये असतं, पण अँटेनाला आकडे कळत नाहीत, तिला करंट लागतो. आकड्यांचा करंट करणारी चिप म्हणजे डॅक. त्याच्या आधीचं सगळं गणित, त्याच्या पुढे फिल्टर, मग मिक्सर (सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीवर उचलणारा) असेल तर तो, मग पॉवर ॲम्प्लिफायर, मग अँटेना.

आता मुख्य गोष्ट. डॅक एक आकडा घेतो, तेवढा करंट देतो आणि पुढचा आकडा येईपर्यंत तसाच धरून ठेवतो. आपल्याकडे घाटीवरून खाली वाडीत उतरायला जांभ्याची पाखाडी असते ना, पायरी पायरीने, तसा तो सिग्नल असतो. आपल्याला हवा असतो गुळगुळीत उतार आणि मिळते पाखाडी. त्या पायऱ्यांच्या कडांमध्ये जी ऊर्जा असते ती दुसऱ्या फ्रिक्वेन्सींवर जाऊन बसते आणि या पानावरचे निम्मे प्रश्न तिथूनच निघालेत.

हायस्पीड म्हणजे किती स्पीड?

गाण्याच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (म्हणजे असे आकडे) पुरतात. वायरलेसमध्ये हायस्पीड म्हटलं की सेकंदाला शंभर मेगासॅम्पलच्या (दहा कोटी आकड्यांच्या) पुढचं बोलायचं. एडी९७३९ नावाचा १४ बिटचा डॅक २.५ गिगासॅम्पलचा, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा डॅक३८आरएफ८२ हा १४ बिट आणि ९ गिगासॅम्पलपर्यंत, एडी९१६४ हा १६ बिटचा आणि १२ गिगासॅम्पलपर्यंत अपडेट होणारा. २०१७ साली झायलिंक्स या चिप कंपनीने आरएफएसओसी आणलं, त्यात एफपीजीए (आतली सर्किटं आपण हवी तशी जोडू शकतो ती चिप) आणि असे अनेक डॅक एकाच चिपमध्ये आले. पण कॉलेजच्या प्रोजेक्टला यातलं काही लागत नाही, साठ मेगासॅम्पलवर भरपूर शिकून होतं.

चिपच्या आत असतं काय? आम्हाला पुस्तकात आर-टूआर लॅडर शिकवलाय.

लॅडर, म्हणजे रेझिस्टरच्या शिडीने आकड्याचा व्होल्टेज करणं, समजायला चांगला आहे, पण या स्पीडला बहुतेक चिप करंट स्टिअरिंगच्या असतात. म्हणजे आत छोटे छोटे करंट सोर्स कायम चालू असतात, आणि प्रत्येकाला एक स्विच असतो जो करंट आउटपुटच्या या तारेत नाहीतर त्या तारेत वळवतो. बंद-चालू करायला वेळ जातो, वळवायला फार कमी, म्हणून हे वेगात चालतं. पूर्ण जोराला साधारण २० मिलीअँपिअर करंट मिळतो, दोन तारांवर, आणि पुढे ट्रान्सफॉर्मर लावून त्याचा एक सिग्नल करतात.

खरी गंमत सोर्स कसे वाटतात त्यात आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना बघा. किनाऱ्यावर दोरीला सात जण लागलेत आणि ओढ थोडीशी वाढवायची आहे, तर आठवा माणूस येऊन हात लावतो, दोरी कुठेच सैल पडत नाही. आता समजा असं केलं की सातही जणांनी सोडायचं आणि आठ जणांच्या ताकदीच्या एका गड्याने धरायचं, तर सोडण्या-धरण्यात क्षणभर तरी फरक पडणारच आणि दोरीला हिसका बसणार. बायनरी वजनाच्या डॅकमध्ये ०१११ वरून १००० वर (सातवरून आठवर) जाताना नेमकं हेच होतं, त्या हिसक्याला ग्लिच म्हणतात. म्हणून मोठ्या वजनाचे बिट थर्मामीटर पद्धतीने करतात, म्हणजे एकेक माणूस वाढवत जायचा, आणि खालचे बारीक बिट बायनरीच ठेवतात. सगळेच थर्मामीटर केले तर १४ बिटला १६,३८३ सोर्स आणि तेवढेच स्विच लागतील, ते कुणी करत नाही.

१२२.८८, ३०७.२, ६१४.४ असे विचित्र क्लॉक का असतात? सरळ १०० किंवा ३०० का नाही?

क्लॉक म्हणजे डॅकला पुढचा आकडा कधी घ्यायचा ते सांगणारा ठोका, हे आकडे मेगाहर्ट्झमध्ये. थ्रीजीमध्ये चिप रेट (इथे चिप म्हणजे कोडचा तुकडा, आयसी नव्हे) सेकंदाला ३.८४ मेगा होता, त्याची ३२ पट म्हणजे १२२.८८. पुढे एलटीईमध्ये (फोरजीत) सबकॅरियर, म्हणजे चॅनेलमधल्या छोट्या छोट्या वाहक लहरी, १५ किलोहर्ट्झच्या अंतरावर ठेवले, २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलला २०४८ पॉइंटचा एफएफटी (त्या सगळ्यांचा एकत्र सिग्नल करायचं गणित), १५ हजार गुणिले २०४८ केलं की ३०.७२ मेगासॅम्पल, जे परत ३.८४ च्या आठपट आहे. फाइव्हजीचा १०० मेगाहर्ट्झचा चॅनेल ३० किलोहर्ट्झ सबकॅरियर आणि ४०९६ पॉइंट घेतो, गुणाकार करा, पुन्हा १२२.८८ येतं. एकाच घराण्यातले आकडे असल्यामुळे एका क्रिस्टलवरून सगळं निघतं. म्हणून बाजारातले क्लॉक ऑसिलेटर आणि बोर्ड याच आकड्यांचे असतात आणि मोबाईलशी संबंध नसलेल्या माणसाच्या प्रोजेक्टमध्येही ३०७.२ येऊन बसतो. तो बसला की काय होतं ते पुढच्या उत्तरात.

इमेज म्हणजे काय? मी १४५ मेगाहर्ट्झ पाठवतोय, मग ॲनालायझरवर १६२ ला दुसरी रेष कुठून आली?

हा प्रश्न एका हॅम मित्राने स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे ते दाखवणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनचा फोटो पाठवून विचारला होता आणि तो फोटो बघून मला खरंच घाम फुटला.

नियम सोपा आहे. डॅकचा क्लॉक जेवढा, त्यातून तुमची फ्रिक्वेन्सी वजा करा, तिथे तुमच्या सिग्नलची आरशातली प्रत येते. क्लॉक ३०७.२, सिग्नल १४५.२, वजाबाकी १६२.०. आणि १६२ च्या आजूबाजूला काय आहे? १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ हे एआयएसचे दोन चॅनेल, जगभर सगळीकडे हेच. मी कुठे आहे, कुठल्या दिशेने किती वेगाने चाललोय हे जहाजं आणि बोटी ज्याच्यावर सतत सांगत असतात तो एआयएस. तुम्ही नेमकं १४५.२२५ वर बोललात तर प्रत थेट १६१.९७५ वर पडते.

बरं, ती प्रत किती कमी जोराची असेल? पोरं म्हणतात इमेज म्हणजे बारीकशी असेल. गणित करू. डॅक आकडा धरून ठेवतो त्यामुळे आउटपुटला सिंक फंक्शनचा उतार लागतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाढेल तसा जोर कमी होतो, आणि त्यातून मूळ सिग्नल आणि पहिली इमेज यांचं गुणोत्तर साधं फ्रिक्वेन्सीच्या गुणोत्तराएवढं निघतं. १४५.२ भागिले १६२, म्हणजे ०.८९६, डीबीत (जोराचं गुणोत्तर मोजायचं माप, १० डीबी म्हणजे पॉवर दहापट) सांगायचं तर एक डीबीपेक्षाही कमी फरक! म्हणजे फिल्टर नसेल तर तुम्ही हॅम बँडवर जेवढ्या जोरात बोलताय जवळजवळ तेवढ्याच जोरात एआयएसवर पण ओरडताय. मिरकरवाड्याच्या बंदरावर घर असलेल्या माणसाने असं केलं तर समोरच्या बोटींचे रिसीव्हर काही फर्लांगावर आहेत.

मग म्हणतात फिल्टर लावू. लावा, पण १४६ पर्यंत सगळं सोडायचं आणि १६१ ला साठ-सत्तर डीबी अडवायचं, मधे जागा किती, जेमतेम पंधरा मेगाहर्ट्झ. कॉइल-कपॅसिटरचा असा फिल्टर करायला पोल (म्हणजे फिल्टरचे टप्पे) खूप लागतात, ट्यूनिंग अवघड आणि हवामानाने सरकलं की परत बसा.

उपाय आधीच कागदावर करायचा. क्लॉक दुप्पट करा, ६१४.४. आता इमेज ४६९.२ ला गेली, जोरही दहा डीबीने खाली आला, आणि १४६ व ४६९ च्या मधे एवढी मोकळी जागा आहे की साधा पाच-सात पोलचा फिल्टर आरामात काम करतो. डेटा दुप्पट वेगाने पाठवायची गरज नाही, चिपच्या आत इंटरपोलेशन फिल्टर असतात ते मधले आकडे स्वतः भरतात. मित्राने नेमकं हेच केलं, रजिस्टरमध्ये इंटरपोलेशन २ वरून ४ केलं, क्लॉक दुप्पट दिला. अँटेना तेव्हा जोडलेलीच नव्हती हे बरं झालं.

हार्मोनिक तर लो पास फिल्टरने जातात ना, मग त्याची काळजी कशाला?

हार्मोनिक म्हणजे सिग्नलच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीवर उगवणाऱ्या नको असलेल्या रेषा. ॲम्प्लिफायरचे हार्मोनिक जातात. डॅकच्या आत तयार झालेले जातीलच असं नाही, कारण ते दुमडून खाली येतात. वरचंच उदाहरण घ्या, ३०७.२ चा क्लॉक आणि १४५.२ चा सिग्नल. दुसरा हार्मोनिक २९०.४, तो क्लॉकमधून वजा होऊन १६.८ मेगाहर्ट्झला येतो, म्हणजे जहाजांच्या एचएफच्या (लांब पल्ल्याच्या रेडिओच्या) पट्ट्यात. तिसरा हार्मोनिक ४३५.६, त्यातून ३०७.२ गेले, राहिले १२८.४. हा विमानांचा पट्टा, पायलट आणि टॉवर ११८ ते १३७ मध्ये बोलतात. आपल्या किनाऱ्यावरून विमानांची ये-जा चालू असते, सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ तर ऑक्टोबर २०२१ पासून चालू आहे. आणि १२८.४ ही फ्रिक्वेन्सी तुमच्या १४५ च्या खाली असल्यामुळे लो पास फिल्टर तिला अगदी प्रेमाने वाट करून देतो.

६१४.४ घेतला तर दुसरा हार्मोनिक २९०.४ लाच राहतो, तिसरा १७८.८ ला येतो, दोन्ही सिग्नलच्या वर, लो पास त्यांना खाऊन टाकतो. चौथा ३३.६ आणि पाचवा १११.६ तरी खाली येतातच, पण ते फारच दुबळे असतात, तरीही मी लो पासऐवजी बँड पासच (फक्त आपला पट्टा सोडणारा) लावा म्हणतो.

डेटाशीटवर एसएफडीआर लिहिलेला असतो तो याच रेषांविषयी आहे, मुख्य सिग्नल आणि सगळ्यात उंच नको असलेली रेष यांच्यातलं अंतर. पण तो कुठल्या आउटपुट फ्रिक्वेन्सीला मोजलाय हे बघा, पहिल्या पानावरचा आकडा बऱ्याचदा कमी फ्रिक्वेन्सीचा असतो. आतल्या ग्राफमध्ये स्वतःची फ्रिक्वेन्सी शोधायची.

किती बिटचा घ्यावा? जास्त बिट म्हणजे चांगला ना?

आदर्श डॅकच्या सिग्नल टू नॉइजचं (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे त्याचं) सूत्र, बिट गुणिले ६.०२ अधिक १.७६ डीबी. ८ बिटला ५० च्या आसपास, १२ ला ७४, १४ ला ८६, १६ ला ९८. मग वाटतं ८ बिटला ५० आहे की, पुरे झालं. नाही पुरत, कारण ओएफडीएम सिग्नल (अनेक सबकॅरियर एकत्र करून केलेला, फोरजी-फाइव्हजीचा) सरासरीच्या मानाने मधेच दहा-बारा डीबी उसळतो. ती उसळी कापली जाऊ नये म्हणून सरासरी तेवढी खाली ठेवावी लागते, म्हणजे दोन बिट तिथेच गेले. उरलेल्यात शेजारच्या चॅनेलमध्ये सांडू द्यायचं नसतं, एलटीईच्या बेस स्टेशनला (मोबाईलच्या टॉवरला) ही मर्यादा ४५ डीबी आहे, फोनला ३० डीबी. डॅकने स्वतःच ती खाऊन टाकली तर पॉवर ॲम्प्लिफायरला चुकायला जागा राहत नाही, म्हणून बेस स्टेशनमध्ये १४ आणि १६ बिटचे लागतात.

पण १६ बिट लिहिलंय म्हणून ९८ डीबी मिळेल ही आशा सोडा. शंभर मेगाहर्ट्झच्या पुढे खालचे बिट क्लॉकच्या आणि डिस्टॉर्शनच्या गोंधळात बुडालेले असतात. स्वच्छ क्लॉक असलेला १२ बिट, घाणेरड्या क्लॉकच्या १६ बिटला सहज हरवतो, हे मी स्वतःच्या टेबलावर बघितलंय.

क्लॉकचा जिटर म्हणजे काय आणि सगळे त्याच्या नावाने का रडतात?

पायरी पडायची वेळ जरा पुढे-मागे झाली की जिटर. भजनात पखवाज लयीत हवा, बोल बरोबर असून वेळ चुकली तरी कान टवकारतात, तसंच. सिग्नल जितका वेगात बदलत असेल तितकी वेळेची चूक महाग पडते. हिशोब असा: १४५ मेगाहर्ट्झला १० पिकोसेकंदाचा जिटर असेल तर सिग्नल टू नॉइज ४१ डीबीवर अडकतो, बिट कितीही असोत. १ पिकोसेकंद केला तर ६१. फाइव्हजीच्या ३.५ गिगाहर्ट्झला थेट डॅकमधून सिग्नल काढायचा असेल तर ०.१ पिकोसेकंद जिटर असूनही ५३ च्या वर जात नाही.

माझ्या एका बोर्डावर मी खर्च वाचवायला डॅकला क्लॉक एफपीजीएच्या आतल्या पीएलएलमधून (एका क्लॉकवरून दुसरा तयार करणाऱ्या सर्किटमधून) दिला होता. सिग्नल आला, पण ॲनालायझरवर रेषेच्या दोन्ही बाजूंना पाया पसरलेला, जणू माडाच्या बुंध्याला मातीचा ढीग घातलाय. दोन दिवस मी फिल्टर बदलत बसलो, सप्लाय बदलला, केबल बदलली. शेवटी वेगळा क्रिस्टल ऑसिलेटर आणून त्याचा क्लॉक सरळ डॅकच्या पिनला दिला आणि तो ढीग गेला. तेव्हापासून बोर्डाचा नकाशा काढताना मी क्लॉकची जागा सगळ्यात आधी ठरवतो. एफपीजीएला क्लॉक डॅककडून मिळाला तर चालतो, उलटं करू नका.

अजून एक, ऑसिलेटरचा सप्लाय स्विचिंग रेग्युलेटरवरून थेट घेऊ नका. रेग्युलेटर ५०० किलोहर्ट्झवर चालत असेल तर तुमच्या सिग्नलच्या दोन्ही बाजूंना बरोबर ५०० किलोहर्ट्झवर दोन कान उगवतात. मधे कमी नॉइजचा लिनिअर रेग्युलेटर टाका.

आयक्यू मॉड्युलेटर वापरू की थेट आरएफ डॅक?

प्लुटो नावाच्या शिकायच्या रेडिओ बोर्डातली एडी९३६३ चिप किंवा तिची मोठी बहीण एडी९३६१ घेतली तर आत दोन डॅक असतात, आय आणि क्यू (एकाच सिग्नलचे नव्वद अंशांनी वेगळे दोन भाग), ते बेसबँडचा, म्हणजे अजून वर न उचललेला, सिग्नल देतात आणि मिक्सर त्याला वर उचलतो. एडी९३६१ अशा रीतीने ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ फिरते, डॅक १२ बिटचे, बँडविड्थ ५६ मेगाहर्ट्झपर्यंत. स्वस्त पडतं, पॉवर कमी लागते. त्रास एवढाच की आय आणि क्यू हुबेहूब जुळले नाहीत तर सिग्नलच्या दुसऱ्या बाजूला त्याची सावली पडते, आणि मधोमध लोकल ऑसिलेटरची (मिक्सरला वर उचलायला दिलेल्या लहरीची) गळती उभी राहते. कॅलिब्रेशनने दोन्ही कमी होतात, तापमान बदललं की परत करायचं.

थेट आरएफ डॅकमध्ये आय-क्यूचं मिक्सिंग आकड्यांमध्येच होतं, त्यामुळे ही सावली आणि गळती राहत नाही, पण क्लॉक गिगाहर्ट्झमधला लागतो, चिप तापते, किंमत वाढते. शिकायला आयक्यू घ्या. एकाच पेटीतून बरेच बँड काढायचे असतील तर आरएफ डॅकचा विचार करा.

दुसरा नायक्विस्ट झोन वापरतात म्हणे, ते काय?

वर ज्या इमेजला आपण शिव्या दिल्या तिलाच काही लोक कामाला लावतात. क्लॉक ५ गिगाहर्ट्झ असेल तर निम्मा म्हणजे २.५ पर्यंत पहिला झोन, २.५ ते ५ दुसरा. ३.५ गिगाहर्ट्झ हवं असेल तर चिपला १.५ चा सिग्नल द्यायचा आणि इमेज ठेवून मूळच फिल्टर करून टाकायचा. साध्या मोडमध्ये इमेज दुबळी असते म्हणून मिक्स मोड देतात, त्यात प्रत्येक पायरीच्या अर्ध्यात करंट उलटा फिरवतात, मग जोर दुसऱ्या झोनमध्ये जातो. लक्षात ठेवा, स्पेक्ट्रम उलटा येतो, आकड्यांमध्ये आधीच उलटा करून द्या.

चॅनेल १०० मेगाहर्ट्झचा असताना डॅकला ५०० मेगाहर्ट्झची बँडविड्थ कशाला लागते?

पॉवर ॲम्प्लिफायरमुळे. तो जोरात चालवला की सिग्नल वाकडा होतो आणि शेजारी सांडतो, हळू चालवला तर वीज वाया जाते आणि पेटी तापते. म्हणून डिजिटल प्रीडिस्टॉर्शन करतात, ॲम्प्लिफायर जेवढा वाकडा करणार तेवढा आधीच उलट्या बाजूला वाकवून द्यायचा. घरात वाशाला बाक असेल तर सुतार जोड लावताना उलटा बाक धरतो तसं. ही उलटी दुरुस्ती मूळ चॅनेलच्या तिप्पट ते पाचपट रुंद असते आणि ती डॅकमधूनच जाणार ना, म्हणून ५००.

एवढा डेटा डॅकमध्ये घालायचा कसा? पिन तर थोड्याच दिसतात.

पूर्वी एलव्हीडीएसच्या (एकेका बिटाला दोन तारा लागणाऱ्या) जोड्या असायच्या, बोर्डावर तारांचं जाळं व्हायचं. आता जेईएसडी२०४बी, म्हणजे बिट एकामागून एक पाठवायची ठरलेली पद्धत, एका लेनवर (तारांच्या एका जोडीवर) सेकंदाला १२.५ गिगाबिटपर्यंत, आणि त्याच्या पुढचं २०४सी, ३२ गिगाबिटपर्यंत. उदाहरण: १२२.८८ मेगासॅम्पल, आय आणि क्यू १६-१६ बिट, गुणाकार ३.९३ गिगाबिट, त्यात २०४बीचं आठाला दहा कोडिंग (दर आठ बिटांमागे दहा पाठवायचे), झालं ४.९१५२ गिगाबिट, एका लेनमध्ये मावलं. बाकीचं इंटरपोलेशन चिप करते. पहिल्यांदा करणाऱ्याला लिंक उठवायलाच आठवडा जातो, सिंकची पिन आणि सिसरेफ (वेळ जुळवायचा सिग्नल) यांचं टायमिंग नीट वाचा. पहिलाच प्रोजेक्ट असेल तर या वाटेला जाऊ नका असं मी स्पष्ट सांगतो.

आमच्या ट्रॉलरवरच्या व्हीएचएफ सेटमध्ये पण असा डॅक असतो काय?

हर्णैच्या एका तांडेलकाकांनी विचारलं होतं, सेट दुरुस्तीला घेऊन आले होते. काका, चॅनेल १६ वर जे बोलता, १५६.८ मेगाहर्ट्झ, ते साधं एफएम असतं, त्याला गिगासॅम्पलची काही गरज नाही. बऱ्याच सेटमध्ये आवाज थेट ऑसिलेटरला हलवतो, नव्या सेटमध्ये आवाजाचं काम छोटी चिप करते आणि तिच्यात डॅक असतो, पण आवाजाच्या वेगाचा. एआयएस मात्र पूर्ण डिजिटल आहे, सेकंदाला ९६०० बिट, आणि एका मिनिटाचे २२५० तुकडे करून प्रत्येक जहाज आपापल्या तुकड्यात बोलतं. म्हणून कुणा शिकाऊ पोराची इमेज तिथे येऊन सतत बसली तर सगळ्यांचेच तुकडे खराब होतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे मनावर घ्यावंच लागतं.

पावसात आणि खाऱ्या हवेत बोर्ड टिकतात का?

टिकवावे लागतात. डॅकची चिप सहसा मरत नाही, मरतात ते कनेक्टर. एसएमए (केबलचा छोटा स्क्रूचा कनेक्टर) उघडा ठेवला की एका पावसाळ्यात हिरवा पडतो, आणि तसला जोड बारीकसा डायोडसारखा वागतो, त्यामुळे डॅक स्वच्छ असूनही बाहेर भलत्या रेषा दिसतात. वापरात नसलेल्या प्रत्येक कनेक्टरला टोपी घाला. गिगासॅम्पलच्या बऱ्याच चिप दोन-तीन वॅट किंवा जास्तच खातात, थंड करायला पंखा लावला तर तो समुद्राची हवा आत ओढतो, मग बंद ॲल्युमिनियमची पेटी आणि तिलाच हीटसिंक करणं चांगलं. आत सिलिका जेलची पुडी, दर महिन्याला बदला. बाहेरच्या कोॲक्सच्या जोडाला आधी स्वतःत चिकटणारी रबराची टेप, वर नेहमीची काळी टेप, आणि केबल घरात शिरायच्या आधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. मृगाच्या विजा सुरू झाल्या की अँटेना काढून ठेवायची, त्यात चर्चा नको.

शिकायला कुठला बोर्ड घेऊ?

प्लुटो घ्या, १२ बिट आहे, घेणं आणि पाठवणं एकदम होतं, अधिकृत रेंज ३२५ मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झ. हॅकआरएफ नावाचा बोर्ड १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ जातो, पण सॅम्पल ८ बिटचे आणि एका वेळी एकच, घ्या नाहीतर पाठवा. आरटीएल-एसडीआर स्वस्त आहे, पण तो फक्त ऐकतो. तरी तो जरूर घ्या, दुसऱ्या बोर्डाचा आउटपुट तपासायला कामी येतो. प्लुटोच्या आउटपुटला बँडप्रमाणे फिल्टर नसतो आणि तिसरा हार्मोनिक बराच जोरकस येतो, फिल्टर तुम्हालाच लावायचाय.

परवाना लागतो का?

लागतो. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेकडून हॅमचा परवाना मिळतो, त्यासाठी एएसओसी या हॅम प्रमाणपत्राची परीक्षा, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन ग्रेड, व्हीयू३ आणि व्हीयू२ ही कॉलसाइन त्यावरूनच पडतात. ज्यांना परीक्षेपर्यंत थांबवत नाही त्यांनी केबल आणि ॲटेन्युएटर (सिग्नलचा जोर कमी करणारा) लावून एका बोर्डातून दुसऱ्यात पाठवावं, शिकायचं ते सगळं तसंही शिकता येतं. पॉवरची मर्यादा पाळून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतो, लोराचे (कमी पॉवरचे, लांब पल्ल्याचे) मॉड्यूल तिथेच चालतात.

अँटेना जोडायच्या आधी काय काय तपासायचं?

डमी लोड (अँटेनाच्या जागी पॉवर गिळणारा रेझिस्टर) लावा, मधे ३० डीबीचा तरी ॲटेन्युएटर, मग ॲनालायझर. फक्त आपल्या रेषेवर झूम करून बघू नका, शून्यापासून निदान तिसऱ्या हार्मोनिकपर्यंत पूर्ण पट्टा उघडा आणि दिसेल ती प्रत्येक रेष वहीत लिहा. आता सिग्नल १०० किलोहर्ट्झने वर सरकवा. जी रेष १०० ने खाली गेली ती क्लॉकची इमेज, २०० किंवा ३०० ने हलली ती दुसरा किंवा तिसरा हार्मोनिक, आणि हलताना उलट दिशेला गेली तर दुमडून आलेला. जी सिग्नलबरोबर तेवढंच अंतर ठेवून चालली ती सप्लायची. जी जागची हललीच नाही ती क्लॉकची गळती, आणि ट्रान्समीटरची वीज काढल्यावरही जी तिथेच उभी असेल ती बाहेरच्या कुठल्यातरी स्टेशनची, तेव्हा केबलचं शिल्ड आणि कनेक्टरचा हिरवेपणा बघा.